डोंगरातलं गाऱ्हाणं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी मालवणकडची म्हटलं की लोक डोळे मोठे करून बसतात. आमच्या होमस्टेवर पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, जेवणं झाली की हळूच खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "ताई, इथे काही दिसतं का हो?" मी म्हणते, "दिसतं ना! तुमच्या मुलांनी अंगणात टाकलेली चिप्सची पाकिटं दिसतात. उचला ती." मग ते गप्प झोपायला जातात.

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी वाचते ते दुपारी आडवं पडून, हसायला. आणि आज मीच लिहायला बसले आहे... हसा खुशाल. मला फक्त एवढंच हवंय की कुणाकडे सरळ उत्तर असेल तर त्याने ते द्यावं. कारण त्या दिवशी डझनभर पोरांचा जीव माझ्या हातात होता, आणि तो मी वाचवला नाही. कुणी वाचवला ते मला कळत नाही.

तर आधी घर सांगते. मालवणपासून थोडं दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथे आमची वाडी. माहेर माझं रेडीचं, म्हणजे तिथेही पाणीच. नवरा सुधीर, पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. मुलगी शिकायला पुण्यात. आणि सासरे, अण्णा. ऐंशीच्या घरातले. उभी हयात होडीवर गेली, आता पडवीत बसून आम्हाला हुकूम सोडतात. वाडीत कुणाचंही गाऱ्हाणं असलं की ते घालायचा मान अण्णांचा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, नवी होडी असो, पोराची परीक्षा असो नाहीतर नवा फ्रीज असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने मोठ्या आवाजात देवाला सगळं समजावून सांगायचं. दर वाक्यानंतर थांबायचं. आणि जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ते म्हटलं की पुढचं वाक्य. कुणी 'व्हय' म्हणणारं नसेल तर गाऱ्हाणं तिथेच अडतं. चालू असताना मध्ये बोलायचं नाही, पायात चप्पल नको. मी लहानपणापासून हजारदा 'व्हय' म्हटलंय, आणि बहुतेक वेळा मनात विचार चाललेला असायचा की घरी कुकर लावून आलेय, शिट्ट्या किती झाल्या असतील.

पावसाळ्यात आमचा धंदा बंद. बोटी माडाच्या झापांखाली झाकून ठेवतात, पाहुणे फिरकत नाहीत. त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याची एक मुलगी राहून गेली होती. ती नेपाळात, डोंगरातल्या एका छोट्या वसतिगृहात मुलांना शिकवून आलेली. तिथे स्वयंपाकाला, अभ्यास घ्यायला हात कमी पडतात म्हणाली. माझ्या डोक्यात ते बसलं. चाळिशी उलटली, गोव्याच्या आणि मुंबईच्या पलीकडे मी काही बघितलं नव्हतं.

सुधीर म्हणाला, "तुका हंय काय कमी पडला?"

मी म्हटलं, "कमी काय पडूक नाय, म्हणानच जातंय."

त्याने मान हलवली. माझ्याशी वाद घालून काही मिळत नाही हे तो लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकला आहे.

निघायच्या दिवशी सकाळी अण्णांनी राखणदारापाशी नेलं. राखणदार म्हणजे आमच्या वाडीच्या वेशीवरचं दैवत. वडाखाली एक दगड, पुढे लहानसा चौथरा, बस्स. सुधीर, शेजारचे दोघं-तिघं आणि मी. अण्णांनी नारळ ठेवला, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी सून परमुलखात, परक्याच्या पोरांक शिकवूक चल्ली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"थंयसर तिका, आणि तिच्या पाठीबुडी जी काय पोरां असतीत तेंका, पाण्यापासून राख रे म्हाराजा! तेंच्या केसाक धक्को लागूक देव नको..."

मला हसूच फुटलं. "अण्णा, थंय डोंगर आसत. पाणी खंयचा?"

अण्णांनी डोळे न उघडता हात वर करून मला गप्प केलं. "गाऱ्हाण्यात मधी बोला नको. आधी 'व्हय' म्हण."

म्हटलं बाई. "व्हय म्हाराजा!" सुधीर कानाशी पुटपुटला, "अण्णांका धोको म्हटल्यार पाणीच दिसता." खरंच होतं ते. ज्याचे दोन भाऊ समुद्राने नेले, त्याला दुसरं काय दिसणार?

कुडाळहून मुंबई, तिथून गोरखपूर, मग सुनौलीची सीमा, मग पोखरा. पुढे बस, मग जीप, आणि शेवटी चढ... असा चढ की मी वाटेत बसून सुधीरची आठवण काढली आणि त्या पुण्याच्या मुलीला शिव्या घातल्या.

वसतिगृह म्हणजे पत्र्याचं एक लांबट घर. बाजूला मक्याचे टप्प्याटप्प्याचे मळे, आणि खाली उतरलं की दगडगोट्यांतून वाहणारा ओढा. सगळा कारभार माया दिदींचा. माझ्याच वयाच्या, बोलायला थोड्या, कामाला वाघ. मुलं वरच्या गावांतली. कुणाचा बाप आखातात गेला, त्याने परत काही कळवलंच नाही, कुणाची आई रस्त्याकडेला खडी फोडते. दोन पोरांना तर कुणीच नव्हतं.

माझ्या आधी कुणीतरी जोडपं येऊन गेलं होतं, मांडीवर पोरं घेऊन फोटो काढणारं. मुलं इतकी सरावलेली की मी फोन बाहेर काढला रे काढला, सगळी ओळीत उभी राहून दात दाखवायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरीब आहेत म्हणून काय प्रदर्शनात मांडायची पोरं? मी फोन पिशवीत टाकला. एकही फोटो काढला नाही, घरी पाठवला नाही. तसंही तिथे नेटवर्कचा पत्ता नव्हता. टेकडीवर चढून गेलं तर कधीमधी दोन मिनिटं बोलता यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कामाला लागले. पोरांशी बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत. उवा काढल्या, डाळभात रांधला, पाढे घेतले. मालवणहून नेलेलं खाजं, आपलं आलं-गुळाचं, पहिल्याच दिवशी फस्त झालं. मी त्यांना "काय गो, बरी मां?" विचारायला शिकवलं. रोज सकाळी पत्र्याच्या घरातून पोरांचे आवाज "काय गो, बरी मां?" करत माझ्यावर तुटून पडायचे. मालवणीतलं एवढंच शिकवलं. गाऱ्हाण्याबद्दल अवाक्षर नाही. कशाला काढीन? मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

त्यांच्यात एक सानू होती. सहा-सात वर्षांची, नाकात मणी, सतत पाझरणारं नाक. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. हसली तरी आवाज न करता हसायची. तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. लाकडी जमिनीचा हादरा तिच्या पायाला कळायचा, मग ती वळायची. मी आल्यापासून तिने माझ्या ओढणीचं टोक जे धरलं ते सोडलंच नाही. मी भाकरीसारखं काही थापायला बसले की ही मांडीला टेकून. आईने तिला इथे सोडताना 'पुन्हा येते' असं खुणेने सांगितलं होतं म्हणे, आणि मग आलीच नाही. माया दिदींनी हे सांगितलं त्या रात्री मी ओढणी सानूजवळच ठेवून झोपले.

आता तो शनिवार.

नेपाळात सुट्टी शनिवारची. त्या दिवशी पोरं ओढ्यावर जायची, कपडे धुवायची, अंघोळी करायची. दर वेळी माया दिदी सोबत असायच्या. त्या दिवशी त्यांना तांदूळ आणायला खाली बाजारात जायचं होतं. त्या अडखळल्या, "पोरांना ओढ्यावर पुढच्या शनिवारी नेऊ." मी म्हटलं, "अहो, मी समुद्राकाठची बाई! मला काय पाण्याचं शिकवता?" आकाश निळंशार होतं. लांब वर डोंगरमाथ्यावर ढग होते, पण ते रोजच असायचे.

गेलो. पोरांनी कपडे आपटून खडकांवर वाळत घातले. मोठा दगड होता एक, त्याच्या आडोशाला डोह, त्यात डुंबणं चालू झालं. मी काठावर बसून सगळ्यांवर डोळा ठेवून होते. ऊन छान होतं. आता जेवणाची वेळ झाली, निघू या, असं मनात आलं आणि तेवढ्यात सगळ्यात मोठी मुलगी, अस्मिता, माझ्याकडे आली. अंग चोरून, गंभीर चेहऱ्याने.

"मिस, पानी घट्यो."

पाणी कमी झालंय. मी बघितलं, खरंच की! मघाशी कमरेएवढा होता तो डोह गुडघ्याशी आला होता. दगडांचे ओले पट्टे उघडे पडले होते. खाचांमध्ये बारीक मासे तडफडत होते.

आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण जे झालं ते झालं. आमच्याकडे पाणी मागे सरलं की बायका-पोरं टोपल्या घेऊन धावतात. मुळे, तिसऱ्या, कालवं, असली शिंपली वेचायला. ओहोटी लागली म्हणजे भरतीपर्यंत निर्धास्त. पाणी उतरलं की पोरांना मोकळं सोडायचं, हे माझ्या अंगात आईच्या दुधाबरोबर आलेलं आहे. डोक्याने विचार केलाच नाही मी. डोंगरातल्या ओढ्याला कुठली आली ओहोटी? पण मी टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "जावा रे, मासे पकडा! पलीकडे भरपूर आहेत!"

पोरं आनंदाने किंचाळत ओढ्याच्या मधोमध गेली. अस्मिता जरा घुटमळली, पण मिसच म्हणतेय म्हटल्यावर तीही गेली. मीच पाठवलं त्यांना.

ती सगळी वाकून खाचांत हात घालत होती. आरडाओरडा, पाणी उडवणं... आणि एकाएकी सगळं थांबलं. रेडिओ बंद करावा तसं. एकेक पोर सरळ उभं राहिलं. हातातले मासे त्यांनी सोडून दिले. चेहरे कुणीतरी बोलावल्यासारखे, पण माझ्याकडे नाहीत. वसतिगृहाच्या बाजूला, चढाकडे.

मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आधी वाटलं, चेष्टा. मग वाटलं, मला ऊन लागलं. मी म्हटलं, "काय? काय म्हणालात?" कुणी बघितलं नाही. गप्प उभी. तो थांबा मला ओळखीचा होता. गाऱ्हाण्याचं एक वाक्य संपायला जेवढा वेळ लागतो, अगदी तेवढा.

"व्हय म्हाराजा!"

'म्हा' लांबवायचा आणि 'जा' खाली सोडायचा, तोच आमच्या वाडीचा हेल. तो बाहेरच्याला जमत नाही. आमच्या सावंतवाडीच्या जावयालासुद्धा पंधरा वर्षांत जमलेला नाही! आणि ही नेपाळी पोरं, ज्यांना माझं 'बरी मां' नीट म्हणता येत नव्हतं...

ती चालायला लागली. एकामागून एक, रांगेत, काठाकडे. चपला काठावर होत्या, त्या कुणी घातल्या नाहीत. वाळत घातलेले कपडे कुणी उचलले नाहीत. अनवाणी, ओलेती, चढाच्या पायवाटेला लागली. चार पावलं, थांबा, "व्हय म्हाराजा!" परत चार पावलं.

मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी चिडते. मी धावत जाऊन अस्मिताचा दंड धरला. "काय चाललंय हे? कपडे कोण आणणार? कोणी शिकवलं तुम्हाला हे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी अवलक्षण करतेय. डोळे मिटले आणि हात वर करून मला गप्प केलं. अण्णांनी केलं होतं तसं. तस्संच.

काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्या मागे चढत राहिले. मक्याच्या पहिल्या मळ्याशी ती थांबली, वळली, हात जोडून उभी राहिली. मी पटापट मोजली. एक कमी होतं. पुन्हा मोजली. माझ्या ओढणीला कुणी धरलेलं नव्हतं.

सानू!

तिला काही ऐकूच गेलं नव्हतं. ती खाली, त्या मोठ्या दगडापलीकडे, अगदी ओढ्याच्या मध्यात, आमच्याकडे पाठ करून वाकली होती. फ्रॉकचा ओचा करून मासे भरत होती.

आणि तेव्हा मला वास आला. ओल्या मातीचा, ताज्या तुटलेल्या मुळांचा. मग आवाज. डंपरमधून खडी ओतावी तसा, पण थांबेचना, वाढतच चालला. वरच्या वळणावरची झाडं हलताना दिसली, आणि वारा तर नव्हता.

मी खाली धावले. कशी, ते आठवत नाही. चप्पल गेली, गुडघा फुटला. "सानू! सानू!" किंचाळत होते, आणि किंचाळून उपयोग नाही हे मला पक्कं माहीत होतं. पाय आपटत होते, पण गोट्यांवर पाय आपटून काय हादरा बसणार? अंतर संपत नव्हतं. आपण पोचणार नाही, हे मला स्वच्छ कळलं. देवाशपथ सांगते, एक क्षण पाय थांबलेसुद्धा. घर दिसलं, मुलगी दिसली. मग त्या पोरीचा वाकलेला पाठीचा कणा दिसला आणि मी परत धावले.

वर पोरं गप्प झाली होती. गाऱ्हाणं संपलं असावं. मग, माझ्या पाठीमागून, पुन्हा सुरू झालं. आधीपेक्षा मोठ्याने.

"व्हय म्हाराजा!"

सानू सरळ झाली.

ती वळली. माझ्याकडे नाही बघितलं तिने, माझ्या डोक्यावरून वर, चढाकडे बघितलं. ओचा सोडला, मासे खाली पडले. आणि धावत सुटली, सरळ माझ्या दिशेने, दगडांवरून उड्या मारत. तिचे ओठ हलले. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. आवाज आला की नाही ते मी सांगू शकत नाही. मागचा गडगडाट इतका होता की मला माझाच आवाज येत नव्हता.

तिचं मनगट माझ्या हातात आलं आणि मी ओढत वर चढले. मागे वळून पाहिलं नाही. पायाला काहीतरी गार, जड असं लागून गेलं. आम्ही मक्यात पडलो तेव्हाच मी पाहिलं. पाणी नव्हतंच ते, काळा चिखल होता, झाडं आणि दगड घेऊन चाललेला. तो मोठा दगड, ज्याच्या आड पोरं डुंबत होती, तो गेला. कपडे गेले. एक डझन चपलांचे जोड गेले.

मी सानूला छातीशी धरून रडले आणि मला येतात तेवढ्या सगळ्या मालवणी शिव्या दिल्या. कुणाला, माहीत नाही. पोरं आता साधी पोरं झाली होती. रडत होती, थरथरत होती, आईला हाका मारत होती.

संध्याकाळी माया दिदी धापा टाकत परतल्या. वर दरड कोसळून ओढा अडला होता, म्हणून पाणी कमी झालं, आणि मग तो बांध फुटला. पाणी एकदम उतरलं की पळायचं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पोरांना मीच आत पाठवलं तेही. त्यांनी माझा फुटलेला गुडघा धुऊन दिला. त्या वेळी मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी अस्मिताला विचारलं, तुम्ही ते काय म्हणत होता?

ती म्हणाली, "हजुरबा बोलत होते." हजुरबा म्हणजे आजोबा. "काय बोलत होते ते कळत नव्हतं. पण मध्येमध्ये थांबत होते. कुणीतरी हो म्हणायला हवं ना, मिस?"

दोन-तीन दिवसांनी वाट मोकळी झाली तेव्हा टेकडीवर चढून फोन लावला. मी काही बोलायच्या आत सुधीरच सुरू झाला. "अगो, अण्णांचा काय तरी बिनसलाहा. शनिवारी जेवता जेवता उठले."

शनिवार कशावरून, तर काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. ते आमच्याकडे शनिवारीच होतं, आणि अण्णांचा तो जीव की प्राण. तसलं ताट अर्धं टाकून, खरकट्या हाताने, भर पावसात अण्णा राखणदाराकडे चालू लागले. नारळ नाही, छत्री नाही. सुधीर छत्री घेऊन मागे धावला.

"गाऱ्हाणा घालीत होते गो. एकटेच! वाक्य बोलायचे नि थांबायचे. माका वाटला, म्हातारो एकटोच हा, आपण तरी 'व्हय' म्हणूया. तर माका हातान गप केल्यानी. म्हणाले, 'तू रव. आसत म्हणणारे.'"

मी टेकडीवर खाली बसले. "सुधीर, मी तुका हंयच्या पोरांबद्दल काय सांगितलंलंय?"

"काय सांगतलंस? पोरां मस्तीखोर आसत, उवा आसत, इतक्याच."

मी पुन्हापुन्हा आठवून पाहिलं आहे. सानूचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांच्या फोनवर उवा आणि डाळभात यापलीकडे काय सांगणार?

महिन्याभराने घरी परतले. अण्णा पडवीत बसले होते. मी पाया पडले. ओढ्याचं सुधीरलाही मी अजून सांगितलं नव्हतं, फोनवर शब्दच फुटले नव्हते. अण्णांनी विचारलं, "पोरां बरी आसत?"

"बरी आसत, अण्णा."

"बरी बोलणारी पोरां. एका सुरात. आमच्या वाडीतल्या पोरांका असा येणा नाय." त्यांनी सुपारी कातरली. "एक बारका चेडू मात्र बोलूक नाय. सगळी बोलली, ता गप. असा कसा चलात? म्हणान मी परत पयल्यापासना घातलंय, फक्त तेच्यासाठी."

चेडू म्हणजे मुलगी. मी विचारलं, "मगे?"

"मगे बोलला." अण्णा हसले. "आवाज गोड आसा गो तेचो."

तर झालं हे असं. कुणी म्हणेल, पोरांनी पुराचा आवाज आधीच ऐकला. असेल, पण मग शब्द कुठून आले? कुणी म्हणेल, बाईला धक्का बसला, नंतर सगळं रचलं. मीही असंच म्हटलं असतं, वाचताना, आडवं पडून. अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, "गाऱ्हाणा घातला, राखणदारान ऐकला, त्येच्यात इचारूचा काय?" त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने नाही.

माया दिदींनी सानूला नंतर पोखऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. कान जन्मापासून गेलेले आहेत, काही ऐकू येणं शक्य नाही, असं त्यांनी सांगितलं. ती आजही बोलत नाही. मी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेले, खूप सारं खाजं घेऊन, आणि तिने माझ्या ओढणीचं टोक पहिल्यासारखंच पकडलं. मी तिच्यापुढे बसून तोंडाचा आकार करून 'व्हय' म्हणून दाखवलं. ती नुसती हसली, आवाज न करता.

तिचा आवाज या जगात एकाच माणसाने ऐकलाय. तो आमच्या पडवीत सुपारी कातरत बसलेला असतो, आणि नेपाळहून फोन आला की आतून मला विचारतो, "ता चेडू बरा आसा मां?"